फलकावरची पाच वर्षं

सरकारी कचेरीत साहेब मीटिंगला असतात, सर्व्हर डाऊन असतो. जागेवर सापडतो तो फक्त फलक : 'शासकीय कामात अडथळा आणल्यास भा.दं.वि. कलम 353 अन्वये 5 वर्षे कारावास.' काम सुरू असल्याची खूण कुठे दिसत नाही, तेव्हा अडथळा नेमका कशात आणायचा, हे अभ्यागतानं आपापलं ठरवायचं. सातबाऱ्यासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालणाऱ्या आजोबांचा आवाज चढला, की लिपिक मान वर न करता पेनाचं टोक तेवढं भिंतीकडे करतो. आजोबा गप्प. कायदा कडक असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मुळात ही शिक्षा होती 2 वर्षांपर्यंत. सरकारी नोकरांवरचे हल्ले वाढले म्हणून 2018 मध्ये राज्यानं ती 5 वर नेली. पुढच्याच वर्षी कणकवलीत महामार्गाच्या उपअभियंत्यावर आमदारांच्या उपस्थितीत, कॅमेऱ्यांसमोर बादल्या भरभरून चिखल ओतला गेला. चिखल तिथल्याच खड्ड्यांचा म्हणायचा, तर सरकारी मालमत्ता सरकारी नोकराच्या अंगावर जमा झाली, इतकंच. मग लोकप्रतिनिधींवरच 353 लागू लागलं, तशी सभागृहात एकमुखानं ओरड झाली : कलमाचा गैरवापर होतोय हो! एरवी पाण्याच्या प्रश्नावरही इतकं एकमत होत नाही.

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली. 353 चं 132 झालं आणि शिक्षा गुपचूप पुन्हा 2 वर्षांवर. नव्या संहितेत 353 क्रमांकावर खोटी माहिती आणि अफवा पसरवण्याचा गुन्हा आहे. म्हणजे पाच वर्षांची धमकी देत टांगलेल्या त्या फलकावरच आता 353 लावता येईल.

डॉक्टरांसाठी 2010 पासून वेगळा कायदा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, शिवाय फुटलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. फुटलेल्या डोक्याचा दर त्यात नाही. त्यामुळे रात्री दोनला कॅज्युअल्टीत पेशंटमागून वीस नातेवाईक घुसले, तर निवासी डॉक्टरानं ईसीजी मशिनच्या मागे उभं राहावं.

वाहतूक हवालदाराला तेवढीही सोय नाही. गाडी थांबवायला गेला की तो थेट बॉनेटवर. तिथून त्यानं एका हातानं वायपर धरावा, दुसऱ्यानं शिट्टी, आणि काचेआडच्या चालकाला समजावून सांगावं : साहेब, आधी 353 होतं, आता 132 आहे, जरा हळू घ्या.