तेरा मिनिटांचा अन्याय

केंद्र सरकारने 2024 मध्ये घरोघरी माणसं पाठवून लोकांचा दिवस कशात जातो ते मोजलं. टीव्ही, खेळ, करमणूक वगैरेंत पुरुषांची रोज सरासरी 177 मिनिटं जातात, बायकांची 164. फरक अवघा तेरा मिनिटांचा! एवढ्यासाठी आम्ही नवरे वर्षानुवर्षं टोमणे खातोय. तेरा मिनिटांत धड पेपरसुद्धा वाचून होत नाही.

त्याच अहवालात घरकामाचाही आकडा आहे: बायका 289 मिनिटं, पुरुष 88. पण अहवाल किती पुढे वाचावा यालाही काही मर्यादा असते. शिवाय ही 88 मिनिटं ज्यांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला त्यांचीच. असे पुरुष शंभरात सत्तावीस निघाले. उरलेल्या त्र्याहत्तरांनी सरासरी खाली येऊ नये म्हणून बाजूला राहण्याचा मोठेपणा दाखवला.

बायकोचा विरंगुळा म्हणजे समोर मालिका, मांडीवर मेथीची जुडी आणि कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. आमच्यात अशी भेसळ नाही. मॅच म्हणजे मॅच. मधूनमधून चहा तेवढा मागावा लागतो, पण ते कष्ट सरकारने कुठल्याच रकान्यात धरलेले नाहीत.

परदेशात बघा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2009 च्या अहवालानुसार इटलीतल्या पुरुषांना बायकांपेक्षा रोज जवळजवळ 80 मिनिटं जास्त मोकळी मिळत होती. याला म्हणतात संस्कृती! नॉर्वेत हा फरक जेमतेम काही मिनिटांचा. तिथल्या थंडीला आणखी कशाला दोष द्यायचा? स्पेनने तर 2005 मध्ये घरकामातला वाटा हे नवरा-बायकोचं कर्तव्यच म्हणून कायद्यात घातलं, आणि नोंदणी विवाहात ते कलम वाचूनही दाखवतात. आपल्या गुरुजींनी सप्तपदीनंतर आठवं पाऊल मोरीकडे टाकायला लावलं, तर किती नवरदेव मांडवात टिकतील?

आइसलँडमध्ये 24 ऑक्टोबर 1975 रोजी नव्वद टक्के बायकांनी घरचं आणि बाहेरचं काम दिवसभर बंद ठेवलं. बाप पोरांना घेऊन ऑफिसात गेले आणि दुकानांतली सॉसेजं संपली. पुरुषजात संकटात काय शिजवते, ते जगाला कळलं.

सरकारला एकच विनंती. पुढच्या पाहणीला रविवारी दुपारी माणूस पाठवू नका. आम्ही झोपलेले असतो, आणि दार उघडायला हिला हातातली भांडी टाकून यावं लागतं.