अवघड कुणाची शाळा?

विरार फास्टमध्ये नालासोपारा येईपर्यंत जगातल्या सगळ्या शिक्षणपद्धतींचा निकाल लागलेला असतो. फिनलंड सोपं, तिथलं पोर सात वर्षांचं झाल्यावर पहिलीत जातं. आपल्याकडे तोवर त्याने दोन शिकवण्या बदललेल्या असतात. कोरिया मात्र अवघड, यावर डब्यात एकमत. तिथे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरं द्यायची वेळ आली की विमानांचं चढणं-उतरणं थांबवतात. (हे कठीणपणाचं लक्षण की लाडाचं?) वसईत दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर असला तरी खालच्या मांडवात हळदीचा डीजे लागतोच, आणि पोरगं त्याच ठेक्यावर वर्गसमीकरणं सोडवतं.

हे कौशल्य 'पिसा' ही शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी घेणारे मोजत नाहीत. त्यांच्या २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. वाचन आणि गणितात शेवटचा नंबर किर्गिझस्तानने घेतला म्हणून थोडक्यात वाचलो. मग भारताने पुढच्या फेरीकडे पाठ फिरवली. प्रश्न आपल्या मुलांच्या परिचयातले नव्हते म्हणे. पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता, ही सबब दहावीच्या कुठल्याही पोराने फुकटात सुचवली असती.