टाकीत किती उरलंय?

सुट्ट्या लागल्या की सोलापुरात दोन प्रश्न एकदम वर येतात. नळाला पाणी कधी सुटणार, आणि मालवणला कधी निघायचं? घाट उतरून तारकर्लीला पोचलं की आमची मंडळी समुद्राच्या आधी दरपत्रक बघतात. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, व्हिडिओ शूटिंगसहित. मग सात वर्षांच्या चिरंजीवांना पुढं ढकलून वडील विचारतात, "हाफ तिकीट चालतंय का?"

बरोबरच आहे. अबॅकस झालं, वैदिक गणित झालं, रोबोटिक्स झालं. जमिनीवरचं शिकून संपल्यावर पोरगं पाण्याखालीच जाणार. शिवाय शेजाऱ्यांच्या पोराचा माशांबरोबरचा फोटो स्टेटसला लागलेला असतो, आणि ते दुखणं कुठल्याच डॉक्टरला बरं करता येत नाही.

खरं तर सोलापूरच्या पोराला निम्मं स्कूबा उपजतच येतं. या विद्येचा पाया म्हणजे टाकीत किती उरलंय हे सारखं बघत राहायचं. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा धडा बालवाडीतच पाठ होतो. बाकीच्या जगाला त्यासाठी काटा लागतो. आमचं पोरगं टाकीवर टिचकी मारून सांगतं, "आई, परवापर्यंत पुरतंय बघ."

आणि शून्याच्या खाली जायचा अनुभव म्हणाल, तर आमच्या उजनीएवढा कुठल्या पाणबुड्याला आहे? ११७ टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ जाऊन आलं, तेही ऑक्सिजन न लावता. इतर देशांत बुडालेली देवळं बघायला सिलिंडर बांधून उतरावं लागतं. उजनीच्या फुगवट्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ बघायला दुष्काळी मे महिना पुरतो. देव स्वतःच वर येतो. आपण चपला घालून जायचं.

थट्टा पुरे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथं छातीत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वास सोडत आलं तर काही होत नाही. कोंडून धरला तर फुप्फुस फाटतं, आणि त्याला दहा मीटरही लागत नाहीत, मीटर-दीड मीटर बस्स होतं. आता घाबरलेलं लहान पोर पहिल्यांदा काय करतं? तोंड घट्ट मिटतं. कानाचंही तसंच. नाकातून कानाकडे जाणारी नळी या वयात अरुंद आणि आडवी असते, साध्या सर्दीनं बुजते. म्हणून तर जगभर हे प्रशिक्षण देणारी 'पॅडी' संस्था आठ वर्षांच्या मुलाला सुरुवातीला पोहण्याच्या तलावात फक्त दोन मीटर उतरू देते. ज्युनियर प्रमाणपत्र दहाव्या वर्षापासून, तेही मोठ्या माणसाच्या सोबतीनं आणि बारा मीटरच्या आत.

हे सांगितलं की उत्तर ठरलेलं. "काय होतंय बे, सर असतेत की संगट!" असतात ना. सर सिलिंडर धरून पोराला खाली नेतात, अंगठा वर करायला लावतात, फोटो काढतात आणि वर आणतात. याला शिकणं म्हणत असतील, तर एसटीच्या टपावरची ट्रंकही प्रवास शिकली म्हणायची.

आमच्या आधीची पिढी पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत शिकली. मामा वरून ढकलायचा, प्रमाणपत्र कुणी दिलं नाही, पण पोहता यायचं. आताच्या पोराकडे पाण्याखालचा व्हिडिओ आहे आणि पाण्यावर तरंगता येत नाही. २१ मे २०२४ला कुगाव-कळाशी दरम्यान उजनीत वादळानं बोट उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. एकच माणूस पोहून काठाला लागला.

तेव्हा पालकहो, या सुट्टीत पोराला आधी पोहायला घाला. दहा-बाराव्या वर्षी त्यानं स्वतः हट्ट धरला, तर डॉक्टरांना कान आणि छाती दाखवून खुशाल शिकवा. आणि बोटीवर चढल्यावर ते 'नको' म्हणालं तर पैसे बुडाले म्हणून त्याला बुडवू नका.