हाताला चव असल्याचे दुष्परिणाम

पालेभाजी मला उत्तम येते. हे मी म्हणत नाही, डोंबिवलीतली आमची सोसायटी म्हणते. अंबाडी, चाकवत, माठ, करडई, अळू, टाकळा, पाला कुठलाही असो. मी तो घोटून, डाळ-दाणे घालून, वर लसणाची फोडणी ओतून त्याला माणसात आणते. त्यामुळे लेकीकडे टोकियोला निघताना बॅगेत हिंगाची डबी, गोडा मसाला आणि लाकडी रवी घेतली, जपानी स्वयंपाकाची भीती मात्र घेतली नाही. जे लोक मासे कच्चे खातात त्यांच्याकडे शिजवण्यातलं अवघड ते काय असणार, असा माझा सरळ हिशोब होता.

लेक राहते निशी-कासाईत. एदोगावा वॉर्डातला हा भाग. 2000 सालच्या आसपास कॉम्प्युटरवाली भारतीय मंडळी इथे यायला लागली आणि राहिली. 2019 मध्ये या वॉर्डाच्या सभागृहावर निवडून गेलेले योगेंद्र पुराणिकही आपल्याकडचेच. तूरडाळ, कढीपत्ता, पोहे सगळं कोपऱ्यावर मिळतं. थोडक्यात, मी जपानी काही रांधावं अशी गरज नव्हती आणि मला तसं कोणी सांगितलंही नव्हतं. हे आधीच कबूल करते, कारण "आई, तुला सांगितलं होतं का कोणी?" हे वाक्य घरात अजूनही रोज ऐकू येतं.

सुरुवात शेजारच्या बाईंनी केली. सत्तरीच्या पुढच्या, हसऱ्या. डिसेंबरात एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवीगार जुडी आणून दिली. कोमात्सुना. दिसायला पालकाच्या वळणाची, कूळ मोहरीचं, पण जिभेला चावत नाही. थंडीतली भाजी, आणि जन्माने याच वॉर्डातली, कोमात्सुगावाची. अठराव्या शतकात आठवे शोगुन तोकुगावा योशिमुने ससाणे घेऊन शिकारीला इकडे आले, तेव्हा देवळात त्यांना साध्या सूपात ही भाजी घालून वाढली, ती आवडली म्हणून त्यांनी गावावरून तिचं नाव ठेवलं, अशी इथली कथा. जावयाने ती मला मोठ्या कौतुकाने सांगितली. मी म्हटलं, नुसती उकडून आवडली ना? फोडणी दिली असती तर त्याने राज्य लिहून दिलं असतं.

बाईंचं म्हणणं असं की, सोबा करा आणि त्यावर ही घाला.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, हे कळल्यावर माझा उत्साह दुणावला. कुट्टू मला ठाऊक होतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दिल्लीवाल्या भाभी नवरात्राच्या उपासाला त्याच्याच पुऱ्या करतात. मार्गशीर्ष चालू होता, दुसऱ्या दिवशी गुरुवार. साबुदाण्याला एवढा सुटसुटीत पर्याय महालक्ष्मीनेच धाडला म्हणायचा! दुपारी घरात कोणी नसताना मी पाकिटातला सोबा उकडला, फ्रिजमधल्या बाटलीतलं त्सुयू नावाचं काळपट पाणी त्यावर ओतलं आणि भक्तिभावाने खाल्ला. चव छानच होती. उपासाचं इतकं चविष्ट काही मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

संध्याकाळी जावयाने पाकीट उलटून वाचलं. "आई, यात पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं आहे." नुसत्या कुट्टूच्या पिठाला चिकटपणा नसतो, शेवई तुटते, म्हणून चांगल्या दुकानातसुद्धा बहुधा आठ भाग कुट्टू नि दोन भाग गहू घेतात, आणि स्वस्त पाकिटात गहूच जास्त. मी म्हटलं, असू दे, गहू तर गहू. मग त्याने बाटली उचलली आणि वाचता वाचता गप्प झाला. बाटलीत कात्सुओबुशी होतं. म्हणजे कुप्याच्या कुळातला मासा, धुरावर सुकवून लाकडासारखा कडक केलेला, त्याच्या किसाचा अर्क. आम्ही कोकणातले, माशाशी आमचं वैर नाही. पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी? देवीपुढे मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. लेक मात्र म्हणाली, "आई, निदान म्हणून तरी चव लागली."

तेव्हा ठरवलं, बाटली नको. दाशी, म्हणजे असल्या सूपाचं चवीचं मूळ पाणी, घरीच करायची, तीही शाकाहारी. त्याला लागतो कोंबू, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाच्या जातीच्या वाळवलेल्या जाड पट्ट्या, आणि वाळवलेले शिइताके मशरूम. पट्टी हातात घेतली तर तिच्यावर पांढरी भुकटी. बुरशी! मी घासणी घेतली आणि एकेक पट्टी नळाखाली अशी चोळून धुतली की ती काळीभोर चमकायला लागली. मग पातेल्यात टाकून, झाकण ठेवून, भरपूर उकळली. आमटी उकळल्याशिवाय मुरत नाही हे मी आईकडून शिकलेय. काही वेळाने फ्लॅटभर खाडीला ओहोटी लागल्याचा वास सुटला आणि पातेल्यातलं पाणी डावाला तार धरू लागलं.

लेक आली, तिने नाकाला रुमाल लावला आणि मग माझी शिकवणी घेतली. ती भुकटी बुरशी नव्हे, तिच्यात चव असते. ओल्या फडक्याने वरवर पुसायचं, बस. कोंबू गार पाण्यात भिजत घालायचा, मंद आचेवर तापवायचा आणि उकळी फुटायच्या आत उचलून घ्यायचा. याच कोंबूच्या पाण्याची चव कसली म्हणून टोकियोच्या विद्यापीठातले किकुनाए इकेदा शोधत बसले होते, त्यांना 1908 साली त्यात ग्लुटामेट सापडलं, आणि पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं अजिनोमोटो या नावाने. मी हादरले. चायनीजच्या गाडीवर "भैया, अजिनोमोटो मत डालना" म्हणून मी आयुष्यभर ज्याच्याशी लढले, त्याच्या माहेरी येऊन मी त्याचं मूळ घासणीने घासत होते.

कोमात्सुनाचं काय केलं तेही सांगायला हवं. पेपर पसरून बसले आणि नीट निवडली. म्हणजे पानं खुडून घेतली आणि दांडे टाकून दिले. मग चिरली, कुकरला लावली, रवीने घोटली, हरभऱ्याची डाळ, दाणे, चमचाभर बेसन, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. अशी देखणी पातळभाजी झाली की काय सांगू. ती सोब्यावर ओतली. सोबाही मी मऊ होईपर्यंत शिजवलेला, कारण दाताला लागणारी शेवई म्हणजे कच्ची शेवई. दोन्ही एकत्र कालवल्यावर कुठली शेवई आणि कुठली भाजी हे सांगता येईना. नातीने वाटीत चमचा उभा केला. तो उभाच राहिला.

शेवटी बाईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. बहुतेक आमच्या कचऱ्याच्या पिशवीतून दिसणारे दांडे त्यांना बघवले नसावेत. त्यांनी जुडीच्या बुडख्याला उभी-आडवी चीर दिली, दांड्यांच्या बेचक्यातली माती पाण्यात सुटू दिली. उकळत्या पाण्यात जुडी उभी धरून आधी दांडे बुडवले, थोड्या वेळाने पानं सोडली, आणि मी मनातल्या मनात हिंग-मोहरी काढेपर्यंत भाजी बाहेर काढून गार पाण्यात टाकलीसुद्धा. हाताने पिळली, शेंडे-बुडखे जुळवून दोन-दोन इंचांचे तुकडे केले, वर थोडी दाशी आणि सोया सॉस. मी वाट बघत राहिले, आता काहीतरी करतील. त्या हात पुसत होत्या. झालं होतं!

खाऊन बघितली. दांडा कुरकुरीत, पान मऊ, रंग जुडीतल्यापेक्षा हिरवा. उत्तम होती, त्याबद्दल वाद नाही. पण स्वयंपाक करताना एवढं गप्प कसं बसवतं या लोकांना? माझा हात पूर्ण वेळ फोडणीच्या पळीसाठी शिवशिवत होता.

एकतीस डिसेंबरच्या रात्री इथे घरोघरी सोबा खातात, तोशिकोशी सोबा. मी बाई आणि त्यांच्या यजमानांना जेवायला बोलावलं. लेक म्हणाली, "आई, तुला सांगितलं..." मी तिला बोलू दिलं नाही, कारण आता मी तयार होते. कोंबू पुसला, रात्रभर भिजवला, उकळीआधी काढला. भाजी बरोब्बर बाईंसारखी केली, दांड्यांसकट. फोडणी दिली नाही. फक्त शेजारी वेगळी पातळभाजी करून ठेवली, लागली तर असावी म्हणून. सोबा घड्याळ लावून उकडला, पाण्यात मीठ घातलं नाही, तेल घातलं नाही, झाल्याबरोबर गार पाण्याखाली चोळून धुतला. शिजलेलं अन्न धुताना जीव खालीवर झाला, पण धुतला. पातेलं मात्र लहान होतं आणि माणसं सहा. शेवया बाहेर डोकावत होत्या. आपण खिरीला मोडतो तशा मोडल्या, दोनदा. त्यात काय एवढं?

ताटं मांडली. बाईंच्या यजमानांनी हात जोडले, चॉपस्टिक्स उचलल्या. इथे शेवया आवाज करत ओढायच्या, तीच रीत. नातीला मी त्यावरून इतके दिवस दटावत आले होते, तेव्हा आज जरा नजर चुकवून बसले. काकांनी शेवया उचलल्या, त्या निसटल्या. पुन्हा उचलल्या. बोटभर तुकडे, ओढणार काय? त्यांनी आवाज काढला तो नुसत्या हवेचा. टेबलावर शांतता पसरली. तेव्हा जावयाने मला हळूच मराठीत सांगितलं, "आई, हा सोबा लांब असतो म्हणून खातात. आयुष्य तेवढं लांब व्हावं म्हणून."

सत्तरी ओलांडलेल्या पाहुण्यांच्या आयुष्याचे मी खिरीसाठी तुकडे केले होते.

बाईंनीच सावरलं. त्या बराच वेळ बोलल्या आणि लेकीने सांगितलं ते असं की, सोब्याची शेवई चटकन तुटते, म्हणून सरत्या वर्षाची संकटंही तशीच तुटावीत हाही त्यामागचा एक अर्थ आहे. "तुम्ही आमची सगळी आधीच तोडून ठेवलीत," असं त्या म्हणाल्या म्हणे. मग त्यांनी वाटी पुढे करून सोबायु मागितलं. सोबा उकडलेलं पाणी. ते उरलेल्या त्सुयूत ओतून शेवटी प्यायचं असतं. ते मी टाकलं नव्हतं. अशी मी बाईच नाही. एवढं पिठूळ, गरमागरम पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून त्यात कणीक भिजवली होती.

चपात्या तयारच होत्या, त्या आणल्या. पातळभाजीही आणली. आता ती लागत होती. काकांनी चपाती हातात घेऊन उलटसुलट बघितली. तिचा एक तुकडा तोडला, पातळभाजीत बुडवला, क्षणभर विचार केला, आणि आमच्या मानासाठी जमेल तेवढा मोठा आवाज करून आत ओढला. भाजीचा एक दाणा उडून माझ्या साडीवर आला.

नात माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, "बघतेस काय, ओढ."