पन्नास मीटरच्या आत

डोंबिवली पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांत मजल्यामागे एक तरी घर असं असतं, जिथे आईवडील तिसऱ्या मजल्यावर आणि मुलगा परदेशात. या प्रवासातले आबा आणि आजी त्यांच्यापैकीच एक. नावं सांगत नाही. सांगितली तर प्रत्येक वाचक म्हणेल, हे तर आमच्या समोरचे. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये दारं लावून घेतली, ती पर्यटकांसाठी उघडली २१ फेब्रुवारी २०२२ ला. तेवढ्या काळात मेलबर्नच्या नातवाचे दुधाचे दोन दात मोबाइलच्या पडद्यावरच पडले. शेवटी ऑगस्टमध्ये तिकिटं निघाली आणि सोसायटीच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला.

सगळे सल्ले प्राण्यांबद्दल होते. तिथला कोळी ताटाएवढा असतो. साप कमोडमधून वर येतो. बूट झाडल्याशिवाय पाय घालायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर, "तिकडे विषारी नाही असं काहीच नाही हो," असं आजींना जिन्यात गाठून सांगितलं. सांगताना ते स्वतः ज्या चप्पल-स्टँडजवळ उभे होते, त्याच्याखालून मागच्या पावसाळ्यात सर्पमित्राने घोणस काढली होती.

आकडे जिन्यातल्या गप्पांना जुमानत नाहीत. ऑस्ट्रेलियात २००० ते २०१३ या काळात सर्पदंशाने २७ माणसं दगावली, मधमाश्या-गांधीलमाश्यांनी तितकीच, आणि घोड्यांमुळे ७४. भारतात सापांच्या दंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. शिवाय फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात भल्या पहाटे बिबट्या एका मॉलमध्ये शिरला होता आणि शेवटी जवळच्या हॉटेलात सापडला. त्या दिवशी ठाणेकरांनी काय केलं? मॉल कधी उघडणार, याची चौकशी केली. थोडक्यात, आबा-आजी धोक्यातून सुरक्षिततेकडे निघाले होते आणि मुठीत जीव धरून निघाले होते.

पहिली चकमक विमानतळावर झाली, तीही स्वतःच्याच सामानाशी. विमानात भरायच्या कार्डावर एक प्रश्न असतो: गेल्या तीस दिवसांत शेतात किंवा पाळीव जनावरांच्या संपर्कात आला होतात का? आबा मंत्रालयातून निवृत्त झालेले. फॉर्म खोटा भरणं त्यांच्या रक्तात नाही. रोज सकाळी देवळाबाहेरच्या गाईला ते पेंढीभर गवत घालतात, म्हणून त्यांनी 'हो'वर खूण केली. त्या वर्षी इंडोनेशियात लाळ्या-खुरकूत पसरला होता आणि ऑस्ट्रेलियाच्या गोठ्यांत तो येऊ नये म्हणून अधिकारी डोळ्यांत तेल घालून बसले होते. मग आबांचे बूट उलटे करून तळवे तपासण्यात आले. पेढे गेले, कारण ते दुधाचे. कढीपत्ता गेला, कारण तो ताजा. लोणचं सुटलं. पितृपक्षासाठी आणलेला दर्भही अधिकाऱ्याने चिमटीत धरून वर उचलला. हे काय आहे, असं विचारल्यावर आबांनी इंग्रजीत मनोभावे सांगितलं, "पवित्र गवत." सुकलेलं गवत तिथे पवित्र असो वा नसो, आत येत नाही.

मुलाचं घर टार्नीटला. मेलबर्नच्या पश्चिमेला पसरलेलं हे उपनगर म्हणजे मराठी, पंजाबी, तेलुगू घरांची रांगच. शहरात जायला २०१५ साली सुरू झालेलं स्टेशन आहे. पहिल्याच सोमवारी सून दिलगिरीच्या सुरात म्हणाली, "बाबा, सकाळी गाडीला फार गर्दी असते, उभं राहावं लागतं." आबा उभे राहिले. उभ्या माणसांमध्ये पेपर पूर्ण उघडून वाचता येत होता. चाळीस वर्षं डोंबिवली फास्टच्या दारात काढलेल्या माणसाला ती गाडी दुपारी कारशेडला निघाल्यासारखी वाटली.

तिसऱ्या रात्री छतात पावलं वाजली. कोणीतरी जड अंगाचं, घशातून खरखर काढत, इकडून तिकडे फिरत होतं. आजींनी रामरक्षा सुरू केली. मुलगा झोपेतच म्हणाला, "पॉसम आहे, झोपा." मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा, पोटाला पिशवी असलेला हा प्राणी कौलांतून छताच्या पोकळीत शिरतो आणि तिथेच संसार थाटतो. त्याला हाकलायचं कसं, हे आबांनी सकाळी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पॉसम संरक्षित आहे. व्हिक्टोरिया राज्यात त्याला पिंजऱ्यात पकडता येतं, पण पकडल्या जागेपासून पन्नास मीटरच्या आतच सोडावं लागतं. लांब नेऊन सोडला तर त्याला अनोळखी भागात जगता येत नाही.

"म्हणजे पागडीचा भाडेकरू," आबा म्हणाले.

मार्ग एकच. तो रात्री बाहेर पडला की भोक बुजवायचं आणि अंगणातल्या झाडावर त्याला लाकडी पेटी बांधून द्यायची. मुलाने दोन शनिवारांत हे काम उरकलं. आबा खुर्ची टाकून बघत राहिले. त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास नऊ वर्षं सर्वसाधारण सभेत अडकला आहे. इथे एका पॉसमला सभा, बिल्डर आणि भाडं यांच्याशिवाय नवी जागा मिळाली, तीही झाडावर, हवेशीर.

हंट्समन कोळ्याचं मात्र लवकर आटोपलं. गाडीच्या काचेवरचा सनशेड खाली ओढला आणि तळहाताएवढे आठ पाय आजींच्या समोर उलगडले. हा जाळं विणत नाही, झुरळं पकडतो आणि माणसाला धोकादायक नसतो. हे सगळं आजींना नंतर सांगण्यात आलं. आधी त्या चालत्या गाडीतून उतरायला निघाल्या होत्या.

सप्टेंबर उजाडला. तिथे हा वसंत, म्हणजे मॅगपाय पक्ष्याचा विणीचा हंगाम. काळा-पांढरा, आपल्या कावळ्याएवढा, गळा इतका गोड की सकाळी कोणी बासरीवर हात साफ करतंय असं वाटावं. २०१७ मध्ये देशाचा लाडका पक्षी निवडण्यासाठी मतदान झालं, त्यात हाच पहिला आला. पण अंडी-पिल्लांच्या दिवसांत काही नर घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर सूर मारतात, आणि तेही पाठीमागून. म्हणून सायकलवाले हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या लावतात, कोणी मागच्या बाजूला डोळे रंगवतात. कोपऱ्यावरच्या निलगिरीखालून जाताना आबांच्या टाळूला पहिल्याच आठवड्यात टपली बसली. ते वळले, तर मागे कोणी नाही.

सर्वपित्री अमावास्या आली रविवारी, २५ सप्टेंबरला. आजींनी खीर, वडे, गवारीची भाजी असं सगळं रांधलं. दर्भाशिवाय आबांनी संकल्प सोडला आणि पान मागच्या अंगणात कुंपणापाशी ठेवलं. आता कावळा. मेलबर्नमध्ये त्याच्या जातीतला रेव्हन असतो. अंगाने तसाच काळा, पण डोळे पांढरे. तो कुंपणावर बसला. पानाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि उडून गेला. "हा आपल्यातला वाटत नाही," आजी म्हणाल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मुलगा घड्याळ बघू लागला. तेवढ्यात निलगिरीवरून तोच मॅगपाय उतरला, तोऱ्यात पानाभोवती फिरला आणि नेमका वडा उचलून गेला.

हे चालतं का? डोंबिवलीच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावावा, असं सुनेने सुचवलं. पण आबांचा निर्णय झाला होता. "वडीलच होते," ते शांतपणे म्हणाले. "आयुष्यभर असेच मागून येऊन टपली मारायचे."

गंमत पुढे आहे. मॅगपाय माणसांचे चेहरे ओळखतो आणि लक्षातही ठेवतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. त्यानंतर आबांना एकदाही टपली बसली नाही. मुलाला मात्र रोज, जाता-येता बसत राहिली. आबांना त्याचंही नवल वाटलं नाही.

सहली झाल्याच. फिलिप आयलंड मेलबर्नपासून सुमारे १४० किलोमीटरवर. तिथे सूर्यास्तानंतर समुद्रातून जगातले सर्वांत छोटे पेंग्विन घरी परततात. उंची जेमतेम फूटभर, वजन किलोभर. दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून आबा-आजी बाकावर बसले. फोटो काढायला सक्त मनाई असल्यामुळे आजी पहिल्यांदाच एखादं प्रेक्षणीय स्थळ नुसतं बघत होत्या. पेंग्विन पाण्याच्या काठाशी घोळक्याने थांबतात. एक जण पुढे येतो, घाबरून मागे फिरतो, सगळे मागे फिरतात. पुन्हा जमतात, चुळबुळ करतात आणि मग कोणाच्या तरी धीराने एकदम धावत सुटतात. "इंडिकेटर बदलला वाटतं," आबा म्हणाले. आसपास बसलेल्या दोन अनोळखी कुटुंबांतून मोठ्याने हसू आलं. ती निघाली एक कल्याणची आणि एक ठाण्याची.

परतताना कांगारू दिसला, रस्त्याच्या कडेला, गाडीखाली आलेला. अनेकांना पहिला कांगारू असाच भेटतो, पण सहलीच्या फोटोंत तो कोणी टाकत नाही. राजचिन्हावरचा हा प्राणी सुपरमार्केटात पाकिटात मिळतो हे कळल्यावर आजी बराच वेळ गप्प होत्या. "आपल्या राजमुद्रेवर सिंह आहेत ते एक बरं," एवढंच मग म्हणाल्या.

शाळेला सुट्टी लागल्यावर सगळे सिडनीला भाच्याकडे गेले. तिथे कचऱ्याच्या डब्यांच्या झाकणांवर विटा. विटा वाऱ्यासाठी नव्हत्या, काकाकुव्यांसाठी होत्या. पिवळ्या तुऱ्याचे हे पांढरे पोपट चोचीने झाकण उचलून डबा उघडायला शिकले आहेत, आणि एकाचं बघून दुसरा शिकतो. २०१८ पूर्वी ही विद्या तीन उपनगरांत होती, २०१९ अखेर ती ४४ उपनगरांत पोचली, असं 'सायन्स' नियतकालिकात २०२१ मध्ये छापून आलं. आजींना त्याचं कौतुक वाटलं नाही. डोंबिवलीचे कावळे दुधाच्या पिशव्या फोडायला शिकले, ते कोणत्या नियतकालिकात छापून आलं होतं?

त्यांना खरा गहिवर आला तो परत टार्नीटला, कपडे वाळत घालताना. "अहो, इकडे या! साळुंकी!" पिवळे पाय, पिवळी चोच, तोच भांडखोर आवाज. आजी तिच्याशी मराठीत बोलल्या. शेजारच्या गोऱ्या बाईंनी कुंपणावरून डोकावून, हवा असेल तर पिंजरा देते, असं प्रेमाने सांगितलं. पोसायला नव्हे, पकडून नाहीसं करायला. बागांतल्या किडी खाव्यात म्हणून साळुंकी १८६२ साली मुद्दाम मेलबर्नला आणली होती. आता ती झाडांच्या ढोल्या बळकावते, स्थानिक पक्ष्यांना हुसकावते, म्हणून उपद्रवी ठरली आहे. शास्त्र त्या बाईंच्या बाजूचं आहे, हे मान्य करावंच लागतं. पण आजींनी त्या दिवसापासून त्यांच्याकडचा केक घेणं बंद केलं. बोलावून आणायचं आणि मग नावं ठेवायची, ही कुठली रीत, असं त्यांचं म्हणणं.

नोव्हेंबरच्या मध्याला दोघं डोंबिवलीत परतले. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भेटलेच. "काय, चावलं का काही?" असं त्यांनी विचारलं आणि काही न चावता परत आल्याबद्दल किंचित नाराजी दाखवली. आबांनी टाळूवरची खूण दाखवून त्यांचं समाधान केलं.

आठवडाभरातच, २४ नोव्हेंबरला, कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागात बिबट्या एका इमारतीत शिरला. काही जण जखमी झाले, खाली हजारो बघे जमले आणि कित्येक तासांनी वन खात्याने त्याला भूल देऊन पकडलं. संध्याकाळी मेलबर्नहून व्हिडिओ कॉल आला. मुलगा घाबरला होता, सून दारं-खिडक्यांबद्दल सूचना देत होती. आबा सांगत होते, "अरे, कल्याण पूर्व म्हणजे काही इथे नाही, दोन स्टेशनं पलीकडे आहे."

नातू मधे घुसला. "आबा, मग त्याला पन्नास मीटरच्या आतच सोडणार ना?"

आबांनी फोन आजींच्या हातात दिला आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.