दे इकडे!

डोंबिवलीत थंडी पडते ती वर्षातून चार-दोन पहाटे, आणि तीही अंगावर साधी शाल घेतली की भागते. तरीही सकाळी डोंबिवलीहून मुंबईकडे निघणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात बाराही महिने स्वेटर विणले जातात. कुणाचा भाचा पुण्यात शिकतो, कुणाच्या जावेला दिवस गेलेत म्हणून बाळंतविड्यात टोपडं-मोजे हवेत, कुणाचा नातू न्यू जर्सीत आहे. या नातवाच्या घरात भर हिमवर्षावातही इतकं गरम असतं की पोर अर्ध्या चड्डीत हिंडतं. आजीचा स्वेटर त्याच्या अंगावर फोटोपुरता चढतो आणि फोटो पाठवला की उतरतो. डब्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. विणायचं कुणी थांबत नाही.

या डब्यात खिडकीशी बसतात त्या दे-इकडे काकू. खिडकी हवेसाठी नाही. विणताना निदान एका कोपराला तरी धक्का लागू नये म्हणून. नोकरी सरकारी, निवृत्तीला दोन वर्षं. पर्समध्ये पास, डबा, रक्तदाबाची गोळी आणि दहा नंबरच्या सुया. विणताना त्या स्वतःच्या सुयांकडे कधी बघत नाहीत. बघतात समोरचीच्या सुयांकडे. डबा बदला, गाडी बदला, काकू असतातच. चष्म्याची फ्रेम तेवढी वेगळी.

दिवाळी झाली की डब्यातल्या एखाद-दुसऱ्या मुलीला विणकामाची हुक्की येते. सुलट-उलट आठवड्याभरात जमतं. हातभर मफलर होतो, सुरुवातीला वीतभर रुंद आणि शेवटी दीड वीत, पण ते असू दे. मग एक दिवस कुणीतरी पांढरं जाकीट घालून येतं, त्याच्या छातीवर दोन जाड वेण्या उतरलेल्या असतात, आणि पोरगी हरखते. ‘मला वेणी शिकवाल?’ हा प्रश्न तिने डब्यात कुणालाही विचारावा. ती नेमका काकूंना विचारते.

खरं तर वेणी फार फसवी. दिसते अवघड, असते सोपी. त्यात नवा टाका असा नसतोच. मधे सहा सुलट टाके, त्यांच्या दोन्ही अंगांना दोन-दोन उलट, म्हणजे वेणी उठून दिसते. उलट बाजूने परत येताना टाका जसा दिसेल तसा घालायचा. अशा सात सुया साध्या गेल्या की आठवीला काय ती करामत. सहापैकी पहिले तीन टाके न विणता एका छोट्या तिसऱ्या सुईवर उचलायचे, ती सुई पुढे सोडायची, मागचे तीन आधी विणायचे आणि मग सोडलेले तीन. झाला पेड. सुई पुढे सोडली तर वेणी डावीकडे झुकते, मागे सोडली तर उजवीकडे. संपलं. मला एक परिच्छेद पुरला. काकूंना आख्खा हिवाळा पुरत नाही, कारण काकूंना हे सांगता येत नाही. त्यांची विद्या बोटांत आहे. तोंडापर्यंत ती कधी आलेलीच नाही.

शिकवणी सुरू होते ‘बघ हं’ने. बोटं हलतात, काहीतरी उचललं जातं, काहीतरी पुढे येतं, गाडी दिव्याजवळ हिसका देते आणि वेणी झालेली असते. ‘कळलं?’ पोरगी प्रामाणिक असते, नाही म्हणते. ‘मग नीट बघ ना!’ आणि काकू तेच पुन्हा, आधीपेक्षा जास्त वेगाने, करून दाखवतात. पोरगी विचारते, ‘पण टाके वाढवायचे किती?’ प्रश्न रास्त असतो. वेणीमुळे वीण आत ओढली जाते, साध्या विणीइतकेच टाके घेतले तर स्वेटर अंगात शिरत नाही. काकूंचं उत्तर: ‘ते दिसतं गं.’ कुणाला दिसतं, कुठे दिसतं, हे विचारायची सोय नसते.

मग पोरगी स्वतः विणायला घेते, आणि इथून पुढे पोरीकडे न बघता काकूंकडे बघावं. तिसरी सुई पोरीच्या हातात थरथरत असते, तीन टाके तिच्यावर अधांतरी लोंबत असतात, निसटतील म्हणून पोरीने श्वास रोखलेला असतो. खरं म्हणजे लोकर खरखरीत असते, टाका लगेच काही खाली धावत नाही. पण श्वास काकूंचाही थांबतो. मुंब्रा गेल्यावर त्या सावरून बसतात. मुलुंडला पदर खोचतात. भांडुपला ‘अहं’ असा एक आवाज नाकातून येतो. विक्रोळीला उजवा हात आपोआप पुढे जातो, त्यालाच लाज वाटून मागे येतो. घाटकोपरला त्यांच्याच्याने राहवत नाही.

‘दे इकडे!’

आणि विणकाम जातं. दादरला परत मिळतं तेव्हा त्यावर बोटभर निर्दोष वेणी उतरलेली असते. पोरगी थँक्यू म्हणते. दुसऱ्या दिवशी तिला तिथून पुढे जायचं असतं, पण ‘तिथून’ म्हणजे कुठून हे फक्त काकूंच्या बोटांना माहीत. म्हणून पुन्हा दे इकडे. मधल्या काळात छोटी सुई कुर्ल्याला सीटखाली घरंगळलेली असते. मग केसांतला आकडा, बॉलपेनची रिफील, डब्यातल्या फोडी खायची टूथपिक असं हाताला लागेल ते तिसऱ्या सुईच्या जागी येतं, आणि काकूंचं त्या कशानेही अडत नाही. मार्चअखेर स्वेटर तयार होतो. काकूंच्या हाताखालून गेलेल्या एकीलाही वेणी येत नाही, वेणीचा स्वेटर मात्र प्रत्येकीकडे आहे.

एका बाबतीत मात्र काकूंना हात जोडावेत. एखादीची मधली एक वेणी घालायची राहून गेली आणि ते वर वीतभर विणून झाल्यावर लक्षात आलं, तर साधं माणूस रडतं आणि वीतभर उसवतं. काकू उसवत नाहीत. त्या नेमके त्या वेणीचेच सहा टाके सुईवरून सोडतात, चुकीच्या सुईपर्यंत शिडीसारखे खाली उतरू देतात, तिथे पेड घालतात आणि क्रोशाच्या सुईने एकेक धागा उचलत पुन्हा वर येतात. ही शस्त्रक्रिया चालत्या गाडीत, उभ्या बायकांच्या पिशव्या गुडघ्यांवर आदळत असताना होते. त्या वेळी चौथ्या सीटवरचं हळदीकुंकूसुद्धा थांबतं.

यंदाची शिष्या जरा वाचणारी होती. तिने एकदा डब्याला ऐकवलं की या वेण्यांचं माहेर म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरची अरन बेटं. तिथे म्हणे प्रत्येक कोळी कुटुंबाची वीण ठरलेली, समुद्रात बुडालेला माणूस कुणाचा हे स्वेटरवरून ओळखायचे. डबा हळहळला. काकूंनी सुया न थांबवता विचारलं, ‘ओळखायला स्वेटर आणि बुडू नये म्हणून काय केलं होतं?’

ही कथा दुकानदारांना फार उपयोगी पडली, पण ती खरी नाही. वेण्यावेण्यांचा तो स्वेटर त्या बेटांवरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचाच, आणि १९६०च्या दशकात क्लॅन्सी ब्रदर्स हे आयरिश गायक तो घालून अमेरिकेत गाऊ लागल्यावर त्याचं नाव जगभर झालं. बुडालेल्या माणसाची गोष्ट मात्र बहुधा एका नाटकातून आली असावी. जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराची ‘रायडर्स टू द सी’ ही एकांकिका १९०४ साली डब्लिनमध्ये रंगमंचावर आली. त्यात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते, पण स्वेटरवरून नव्हे, मोज्यावरून. आणि तिथे घराण्याची वीण वगैरे काही नाही. साठ टाके घातले होते आणि चार सुटले होते, हे तिला आठवत असतं. स्वतःच्या हाताने सुटलेल्या टाक्यांवरून ती ओळखते. आमच्या डब्यातल्या मुलींचे स्वेटर उद्या पुढे ठेवले तर ओळखायला सुटलेला टाका एकही सापडणार नाही. सगळ्या जणी एकाच घरातल्या ठरतील, आणि कुटुंबप्रमुख म्हणून काकूंना बोलावणं जाईल.

मग जानेवारीत काकू लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेल्या. शिष्येचा स्वेटर पाठीवर अडकला होता. पाठ-पुढा काकूंनी येऊन घातलाच असता, पण मुलीला धीर नव्हता. रात्री नऊला तिने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेदहा, मांडीवर नात.

‘काकू, सातवी सुई झाली. आता?’

‘आता काही नाही गं, दे इ…’ आणि काकू थांबल्या. हात पुढे आला होता आणि फोनच्या काचेला टेकून परत गेला होता. मुलगी सांगते की त्यानंतर बराच वेळ काकूंच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते बघवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वेणी शब्दांत सांगायची होती.

‘ते तीन घे.’

‘कुठले तीन?’

‘पहिले गं! आणि ते… ते पुढे कर.’

‘पुढे म्हणजे माझ्या पुढे की तुमच्या पुढे?’

काकूंनी नात लेकीकडे दिली, हाताशी असलेला पाळण्यावरचा टॉवेल घेतला, तो कॅमेऱ्यासमोर धरून त्यावर बोटाने टाके काढले. त्यामुळे घोटाळा वाढला, कारण टॉवेलची सुलट बाजू मुलीकडे झाली आणि काकूंचं ‘मागे’ मुलीला ‘पुढे’ दिसू लागलं. दोघी ओरडत होत्या. लेक आतून विचारत होती, इंडियात सगळं ठीक आहे ना? शेवटी मुलीने मनाने ठरवलं, सुई मागे सोडली, तीन विणले, राहिलेले तीन विणले आणि काम फोनसमोर धरलं.

काकूंनी चष्मा पुसून बघितलं. वेणी उजवीकडे वळली होती.

‘उलटी झाली का?’ मुलगी.

‘राहू दे,’ काकू म्हणाल्या. ‘एका अंगाला डावी, दुसऱ्या अंगाला उजवी लागतेच. आता पुढची डावी कर.’

ती केली. त्यापुढची न विचारता केली. काकू नुसत्या बघत होत्या, हात मांडीखाली घालून. चार वेण्या झाल्यावर मुलगी म्हणाली, ‘आलं की हो मला!’ काकू म्हणाल्या, ‘हो, आलं.’ आणि मग, जरा थांबून, ‘बाह्या झाल्यात का सुरू?’

‘नाही अजून.’

‘तुझ्या ऑफिसातलं कुणी येतंय का गं इकडे महिन्याभरात? नुसती लोकर आणि माप पाठव. दोन्ही बाह्या करून पाठवते.’