शुभेच्छुकांच्या मागचा माणूस

शहापूरच्या नाक्यावर वाढदिवसाचा बॅनर लागतो तेव्हा त्यावर तीसेक शुभेच्छुक गॉगल लावून हसत असतात आणि खालच्या कोपऱ्यात, वाचायला भिंग लागेल अशा अक्षरांत, एक मोबाईल नंबर असतो. तो डिझायनरचा. या सगळ्यांच्या मागची बॅकग्राऊंड त्यानेच उडवलेली असते.

हा मुलगा शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतो आणि दहावीला त्यांचे वाढीव गुण पदरात पाडून घेतो. कलेचा एवढा उपयोग झाला, आता पुरे, असं घरच्यांना वाटतं. मग एमएस-सीआयटी. २००१ पासून महाराष्ट्रातली पोरं या कोर्समुळे संगणकासमोर बसायला लागली. बाकीची सर्टिफिकेट घेऊन उठली. हा बसूनच राहिला.

पुढचं शिक्षण फ्लेक्सच्या दुकानात. तिथला सिनियर काहीही शिकवत नाही. 'सरक' म्हणतो, माऊस घेतो आणि इतक्या वेगाने काम उरकतो की बघणाऱ्याला फक्त कंट्रोल-क्यू दाबलेलं कळतं. पण तेच मोलाचं. १९८९ साली कॅनडात जन्मलेल्या कोरलड्रॉने मुरबाड-शहापुरातली जेवढी लग्नं लावली तेवढी भटजींनीही लावली नसतील, आणि त्यातला कळीचा मंत्र म्हणजे त्याच कंट्रोल-क्यूने अक्षरांचं 'कर्व्ह' करणं. ते विसरून फाईल कल्याणला छपाईला गेली आणि तिथे तो जुना फॉन्ट नसला, की 'हार्दिक शुभेच्छा'च्या जागी कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हं उमटतात. दुसरा धडा रंगांचा: स्क्रीनवर पेटलेला भगवा छापून आल्यावर विटकरी का दिसतो, हे गिऱ्हाईकाला समजावणं. ते आजवर कोणालाच जमलेलं नाही.

तिसरा धडा सगळ्यांत अवघड. वर राष्ट्रीय नेते, त्याखाली राज्याचे, मग जिल्ह्याचे, तालुक्याचे, आणि मधोमध ज्यांचा वाढदिवस ते भाऊ. कोणाचा चेहरा कोणापेक्षा किती इंच लहान, यावर तालुक्यातली शांतता टिकून असते. डिझाईन कॉलेजात याला व्हिज्युअल हायरार्की म्हणतात आणि त्यावर सेमिस्टर घालवतात. इथे 'फोटो अजून मोठा' एवढ्या तीन शब्दांत तो विषय शिकवला जातो, बहुधा रात्री अकरा वाजता.

अशा एखाद्या रात्री त्याला यूट्यूबवर यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याच्या सोयीचं डिझाईन, भेटतं. त्यासाठी तो फिग्मा हे सॉफ्टवेअर शिकायला घेतो. वडिलांना पटावं म्हणून सांगतो, की २०२२ मध्ये अडोबी फिग्माची कंपनी वीस अब्ज डॉलरला घेणार होती. समृद्धी महामार्गासाठी आजूबाजूच्या जमिनी जाताना पाहिलेले वडील मुद्द्याचं विचारतात, "मग घेतली का?"

"नाही. २०२३ च्या डिसेंबरात सौदा मोडला."

"मग कागदपत्रात काहीतरी असणार. तू कशाला अडकतोस?"

तो अडकतो. एक टाईप या मुंबईच्या चमूचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट मिळतात, हे कळल्यावर त्याला धन सापडल्यासारखं होतं. विंडोजमध्येच मिळतो म्हणून ज्याला दुकानात सगळे नाकं मुरडतात, तो मंगल र. कृ. जोशींसारख्या दिग्गज अक्षरकाराने केलाय, हे तो सिनियरला ऐकवतो. सिनियर म्हणतो, "सरक."

पोर्टफोलिओत मात्र त्याची मती गुंग होते. स्पॉटिफायचं नवं रूप आणि अस्तित्वात नसलेल्या एका कॉफीच्या दुकानाचा लोगो. हे करणारा मुलगा राहतो त्या तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांतून मुंबईला पाणी जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यात टँकर फिरतात. टँकर कधी येणार हे सांगणारी दोन साधी स्क्रीन त्याने केली असती तर काम वेगळं उठून दिसलं असतं. पण टँकरची वाट आई बघते, तो नाही. म्हणून तो 'युजर' त्याला दिसत नाही.

ऑनलाईन मुलाखत होते फ्लेक्सच्या दुकानातच, कारण वायफाय तिथे आहे. लोअर परळची मॅडम विचारते, दोन स्टेकहोल्डर्सचं पटत नसेल तर काय करता? इथे आमचा गडी खुलतो. एकाच पक्षाचे दोन भाऊ, दोघांनाही आपलाच फोटो मोठा हवा. त्याने दोन बॅनर केले. एक आसनगाव स्टेशनच्या रस्त्याला लावला, दुसरा किन्हवलीच्या. ज्याची गाडी जिथून जाते तिथे त्याचा चेहरा मोठा. दोघांनी फोन करून कौतुक केलं.

"म्हणजे तुम्ही ए-बी टेस्टिंग केलंत!" मॅडम खूश.

त्याने हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. "हो मॅम," तो म्हणाला, "आमच्याकडे इलेक्शनला सी-डी पण करावं लागतं."

कॉफीचा लोगो त्यांनी उघडलाच नाही. इंटर्नशिप मिळाली, मानधन दुकानातल्या पगाराहून थोडं कमी, लोकलचा पास वेगळा. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, मुंबईला कॉम्प्युटरमध्ये लागला. काकू पेढा तोंडात टाकून घरात गेल्या आणि पॅन आणि आधार दोन्ही कार्डं घेऊन आल्या. म्हणाल्या, "एवढं लिंक करून दे रे."